कुठली विहीर?

दादा,

तू गेल्याचं कळून जो येतो तो आधी टेकतो, पाणी पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग आवाज खाली आणून एकच विचारतो, "कुठली हीर?"

मी सांगते, विहीर नाही, कावीळ. इस्पितळात गेला, खाटेवर, माझ्यासमोर. माणसं मान हलवतात, पण त्यांना पटलेलं नसतं. बहीण नर्स आहे, ती झाकणारच, असं त्यांच्या तोंडावर वाचता येतं. मी अजून गावीच होते तेव्हा देवळाली प्रवऱ्याहून वहिनीची मावशी आली होती. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आता तरी ती हीर बुजवून टाका गं बायांनो."  मी नको तेवढं बोलले, म्हातारी डोळे पुसत गेली. तू असतास तर मलाच ओरडला असतास, "शाले, तिला काय ठावं? नगरात ऱ्हाऊन लई चढून बोलतीस तू."

तसा तो प्रश्न एकट्या मावशीचा नाही. गेली तीन वर्षं वॉर्डात कुणी "सिस्टर, तुमच्या गावाकडनं माणूस आलाय" असं म्हटलं की माझ्याही मनात हाच उठायचा. माणूस दारात दिसेपर्यंत हातातली सुई हातातच राहायची. मग कळायचं की कुणाचं मूल तापलंय नाहीतर कुणाला चिठ्ठी हवीय. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, म्हंजी तू बी त्यांच्यातलीच.

तू उडी मारलीस त्या संध्याकाळी मी इथं नगरच्या इस्पितळात ड्युटीवर होते. कित्येक दिवस तुला झोप नव्हती. पाण्याखालून कुणीतरी नावानं हाक मारतंय असं तू वहिनीला सांगत होतास आणि ती बिचारी अंगारा लावत होती. दिवस मावळताना तू उठलास आणि सरळ आपल्या विहिरीत गेलास. शेजारच्या वस्तीवरचा रामभाऊ बैल सोडत होता. तो कपड्यांनिशी मागोमाग उतरला आणि केसांना धरून तुला वर घेतलं. मग पुणं, तिथलं मोठं इस्पितळ, विजेचे झटके, गोळ्या. मी तुला आणायला आले तेव्हा तू अंगानं सुटला होतास, चालताना पाय ओढत होतास. एस्टी स्टँडवर चहा घेतला तर बशी तोंडापर्यंत जाईना, अर्धा चहा सदऱ्यावर. पण हाक थांबली होती. "आता कोन बोलवत न्हाई," तू म्हणालास. तेवढं ऐकून मला वाटलं, जिंकलो.

मग मी घर तयार केलं. वॉर्ड लावतात तसं. विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकून घेतल्या. विळे, कुऱ्हाड, दोर सगळं ट्रंकेत आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. पिकावर मारायचं औषध रामभाऊकडे ठेवायला दिलं. वहिनीला बजावलं, ह्याला क्षणभर नजरेआड करायचं नाही, हा रानात तांब्या घेऊन गेला तरी बांधावर उभं राहायचं. आणि तुझी पेटी, पाने-पकडी-हातोड्यांची, ती मी नगरला आणून माझ्या खाटेखाली ठेवली. पंचक्रोशीतली ऑइल इंजिनं ज्या हातानं चालू व्हायची त्या हाताला काम म्हणून वहिनीनं वाल सोलायला दिले. तू सोलायचास. काही महिने गेले. एकदा मी सुट्टीवर आले तेव्हा तू वर न बघताच म्हणालास, "पुन्याला भिंती व्हत्या, हितं मानसं हायेत. भिंतीशी निदान बोलावं तरी लागत न्हाई."

मी ते मनाला लावून घेतलं नाही. तू जिवंत होतास. मला तेवढं पुरत होतं. तुला पुरत नव्हतं, यावरच आपलं सगळं भांडण.

पुढं पाऊस गेला. विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं की इंजिन काठावर ठेवून पंप पाणी ओढेना. प्रत्येकाला इंजिन विहिरीच्या आत खोदलेल्या खालच्या टप्प्यावर उतरवून हवं होतं आणि फिटर तर राहुरीपर्यंत कुठं मोकळा नव्हता. रामभाऊ अंगणात येऊन उभा राहिला. मी तिथंच होते. त्याला तोंडानं मागवेना. तो इतकंच म्हणाला, "किसनराव, मोसंबीची पानं गळाया लागली."

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "नाही."

"मी इचारलंच न्हाई अजून," तू म्हणालास.

दर महिन्याला पुण्याहून एक डॉक्टर आमच्या इस्पितळात मनाचे रोगी तपासायला येतात. उतारवयाचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. पुढच्या खेपेला मी तुला त्यांच्याकडे आणलं ते त्यांनी तुला समजवावं म्हणून. पण खुर्चीत बसायच्या आधीच तू म्हणालास, "सायेब, मला हिरीत उतरायचंय."

"डॉक्टर, ह्याला तुम्हीच—" मी सुरू केलं. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"कशासाठी उतरायचंय?"

"इंजिन खाली घ्यायचंय. ज्यानं मला काढलं त्याची बाग हाय."

"हात थरथरतात ना तुमचे?"

"थरथरत्यात. पन जमंल."

मग ते माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

"पुन्हा उडी मारली तर? काढायला कुणी असेलच असं नाही," मी म्हणाले. 'उडी' हा शब्द तोवर घरात कुणी तुझ्यासमोर उच्चारला नव्हता. आम्ही 'ते झालं तेव्हा' असं म्हणायचो.  

डॉक्टरांनी तुला विचारलं, "तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते?"

 "हिरीची न्हाई वाटत. दिस मावळायच्या टायमाची वाटते. आन् झोप गेली की वाटते. दोन राती लागोपाठ जागलो की माझं मला उमगतं, आता कोनतरी बोलवनार."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. तू असं काही सांगू शकतोस हेच मला ठाऊक नव्हतं.

तिथंच, त्या टेबलापाशी, आपण तिघांनी घासाघीस केली. उतरायचं ते उन्हात, दिवस कलायच्या आत वर. झोप गेली की विहीर बंद, आणि ते तू आपण होऊन कुणाला तरी सांगायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि कमरेला दोर, पहिल्या खेपेला काठावर मी. दोराची अट माझी.

"बैलावानी बांधतीस व्हय मला?" तू भडकलास.

"बांधीन. नाहीतर जायचं नाही."

डॉक्टर हसले. "राहू द्या दोर, किसनराव. तुमच्यासाठी नाही, बहिणीसाठी."

पेटी मी एस्टीत मांडीवर घेऊन आले. तू ती उघडलीस, एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसलास, आणि एक गंजलेला दिसला तेव्हा अशा नजरेनं माझ्याकडे बघितलंस की मीच चोर.

रामभाऊच्या विहिरीवर त्या दुपारी सगळी आळी गोळा झाली होती. काही इंजिन उतरवायला आले होते, काही नुसते बघायला. काय बघायला, ते मला माहीत होतं, तुलाही. कप्पीवरनं चौघांनी इंजिन खाली सोडलं. आता जुळवणीला तू. मी तुझ्या कमरेला गाठ मारली, इस्पितळात शिकवलेली. तू विहिरीच्या कडेतल्या पायटीवर पाय ठेवलास, डोकं काठाखाली गेलं. दोर माझ्या तळव्यातून सरकत होता. तू टप्प्यावर पोचलास तसा तो थांबला. मग एकदम सैल पडला.

मी ओढून बघितला. हलका. पलीकडे कुणी नव्हतं.

"दादा!"

उत्तर नाही. खाली बघितलं तर उजेडातनं बघणाऱ्या डोळ्यांना नुसता काळोख. माझ्या मागं एक बाई "अगं बाई" म्हणाली. रामभाऊनं पागोटं काढून खाली ठेवलं, उडी मारायच्या तयारीनं. मी पुन्हा हाक मारली, माझा आवाज विहिरीतनं फिरून माझ्याकडेच आला. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

"कोकलतीस कशाला?" खालून तू. "पाईपात मुंडी घातली व्हती. दोर मधी मधी येतुया, सोडलाय मी. त्याला मोठा पाना बांध आन् सोड खाली. फेकू नको, डोस्कं फोडशील माझं."

सगळे हसले. मी नाही. मी तिथंच मातीत बसून पान्याला गाठ मारत होते आणि गाठ बसत नव्हती. दिवस कलायच्या आधी पाटात पाणी पडलं. तू वर आलास, ग्रीसनं काळा, दम लागलेला. मला वाटलं आता माफी मागशील. तू म्हणालास, "च्या टाकायला सांग."

मला तुला मारावंसं वाटलं होतं. आणि घरी येईपर्यंत तू शीळ घालत होतास. ती मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

त्यानंतर तुला बोलावणी यायला लागली, राहुरीच्याही पलीकडून. सायकलला पेटी बांधून तू जायचास. हळूहळू हातही थरथरेनासा झाला. गोळ्या अंगी लागल्या म्हणून मी खूश. आणि मग एक दिवस तू माझ्या खोलीवर आलास, पाणी प्यायलास आणि म्हणालास, "शाले, गोळ्या सोडल्यात म्या."

"कधीपासनं?"

"झालं बरंच. हातात पाना ठरंना. डोळं मिटाया लागायचं टप्प्यावर. पडलो असतो."

मी पातेलं आपटलं. म्हणाले, आत्ताच्या आत्ता पुण्याला चल. शब्द दिलास तो हाच का? तू उठला नाहीस. "धाडायचं तर धाड. तू धाडशील हे ठावं असून सांगाय आलो ना? खोटं बोलून गप ऱ्हायलो असतो, तर बरं वाटलं असतं का तुला?"

मी आणखी ओरडले. नंतर डॉक्टरांनी आपल्या दोघांनाही झापलं. तुला न विचारता सोडल्याबद्दल. मला, तुझे हात थरथरायचे का थांबले हे नर्स असून न विचारल्याबद्दल. गोळ्या अर्ध्या केल्या. पण आपलं ते भांडण काही मिटलं नाही. मी म्हणायचे, मधल्या दिवसांत काही झालं असतं तर? तू म्हणायचास, "झालं न्हाई ना?" मी म्हणायचे, झालं नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही. अजूनही मला तसंच वाटतं, दादा. तू नाहीस म्हणून मी हार मानणार नाही.

आणि तरी एक गोष्ट मला वहिनीनं फार उशिरा सांगितली. ऐन हिवाळ्यात तू भर दुपारी काम अर्धं टाकून घरी आलास, सायकल टेकवलीस आणि तिला म्हणालास, "दोन राती डोळ्याला डोळा न्हाई. मला एकट्याला सोडू नका आज." वहिनीनं ना अंगारा काढला ना कुलूप. रामभाऊला बोलावलं. तुम्ही दोघं अंगणात पत्ते खेळत बसलात, दिवस मावळला तरी उठला नाहीत. तो मुद्दाम खोटं खेळत होता आणि तू भांडत होतास. झोप परत येईपर्यंत तो रोज संध्याकाळी आला. विहिरीचं नाव कुणी काढलं नाही.

मी वहिनीला म्हणाले, "मला का कळवलं नाही?"

ती हसली. "वन्सं, ह्येंनीच सांगितलं. तिला कळवू नका, ती कुलूप घिऊन यील."

हे मला लागलं. लागतंच आहे. पण तुझ्यापाशी तुझी दोन माणसं होती आणि तू त्यांना आपण होऊन हाक मारलीस, हे कळल्यापासून मी रोज त्या दोघांचे मनातल्या मनात पाय धरते.

या उन्हाळ्यात पाणी टँकरचं, गढूळ. तुला ताप आला, उलट्या झाल्या, अन्न जाईना. मग तू असंबद्ध बोलायला लागलास. वहिनी घाबरली आणि तुला जवळच्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं तिनं खरं ते सांगितलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते. तेवढं ऐकल्यावर पुढं कुणी काही विचारलं नाही. मी निरोप मिळाल्याबरोबर निघाले. पोचले तेव्हा तुझे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले. ओठ वाळले होते. तू पाणी मागत होतास, आणि कुणी जवळ येत नव्हतं, कारण त्यांच्या लेखी वेड्याला झटका आला होता.

"हात सोडा," मी म्हणाले.

तिथले डॉक्टर माझ्यापेक्षाही तरुण होते. वाईट माणूस नव्हता. "बाई, तुम्ही स्वतः नर्स आहात," ते म्हणाले. "ह्यानं आधी जीव द्यायचा प्रयत्न केलाय. उठून पळाला, कुणावर हात टाकला, तर?"

माझेच शब्द होते ते. पुण्याच्या डॉक्टरांच्या टेबलापाशी मी बोलले होते तेच, फक्त दुसऱ्याच्या तोंडून.

मी खिडकी उघडली आणि तुझी पापणी खाली ओढून दाखवली. हळदीसारखा डोळा. "हे बघितलंत का?"

त्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "सोडलं आणि काही झालं, तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

गाठी घट्ट बसल्या होत्या. मी दातांनी सोडवल्या. हात सुटल्यावर तू कुणावर उगारला नाहीस. नुसता वहिनीचा पदर धरलास. रामभाऊनं कुठून तरी जीप आणली आणि आपण नगरला निघालो.

तिसऱ्या दिवशी तू गेलास. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तू थोडा वेळ अगदी स्वच्छ होतास. म्हणालास, "शाले, गोळी दे माझी."

"आता नको. डॉक्टरांनी थांबवलीय."

"का?"

"लिव्हर दमलंय तुझं."

 तुला काय कळलं, काय नाही, मी कधी जाणणार नाही. तू विचारलंस, "मग कोन बोलवाया लागलं तर?"

"मी आहे ना इथं."

"मग बरं," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

दादा, मी नंतर आपल्या डॉक्टरांना विचारलं. त्या गोळ्यांनी झालं असेल का?  ते म्हणाले, "असू शकतं. पाणीही असू शकतं, अर्धा वॉर्ड काविळीनं भरलाय. त्या गोळ्यांशिवाय ही वर्षं तुम्हाला मिळाली असती का, तेही मला सांगता येत नाही." ज्या गोळ्यांसाठी मी पातेलं आपटलं त्या. हे मी वहिनीला सांगितलेलं नाही. रामभाऊलाही नाही. तुलाच सांगतेय, कारण ओरडशील तर तूच.

कामावर परत गेले. डॉक्टरांचा वार होता. सुप्याकडची एक पोर आली होती, विशीच्या आतली, आईबरोबर. दोनदा जीव द्यायला गेलेली. आई सांगत होती, घरात काय काय लपवलंय ते, आणि मी मान हलवत होते. सगळं बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं. पोरीचे केस जटा झालेले. आई औषधं आणायला गेली तेव्हा मी तिच्याजवळ टेकले आणि विचारलं, "घरी गेल्यावर आधी काय करावंसं वाटतं गं?"

ती पुटपुटली, "भांग पाडायचाय. आय आरसा देत न्हाई. काच असती ना."

मी उठले. आमच्या नर्सांच्या खोलीत भिंतीवर एक आरसा आहे, लाकडी चौकटीचा. तो काढताना माझ्या मनात सगळं येऊन गेलं, काच, मनगट, मेट्रन, तिची आई. दारातनं परत फिरावंसं वाटलं. मग मी तो घेऊन गेले, पण तिच्या हातात दिला नाही. दोन्ही हातांनी मीच धरला, तिच्यासमोर बसून. कंगवा तिला दिला. आई परत आली, दारातच थांबली, तोंडाला पदर लावून. मी तिला नजरेनं म्हणाले, थांबा.

पोरीनं केस पुढं घेतले. गुंता सोडवायला वेळ लागत होता. ती आरशात बघत होती, मी तिच्या हाताकडे. मध्येच ती थांबली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ताई, हलवू नका ना. मला दिसंना झालंय."